साठ वाचक, एक कुकर आणि ब्लूबेरीचा हट्ट

पत्र थोडक्यात: टिळकवाडी, बेळगाव इथून एका भगिनींनी लिहिलं आहे. वय बेचाळीस. मुलं मोठी झाल्यावर ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) घेतला, फळं घालून मफिन करण्याचा नाद लागला आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी मराठीतून पाककृतींचा ब्लॉग सुरू केला. रोज साठेक लोक वाचतात, आकडा वर्षभर तिथंच अडकलाय. ब्लूबेरी मफिनचा लेख त्यांचा सगळ्यात लाडका. सव्वाशे ग्रॅमच्या डबीला तीनशे रुपये मोजून, परदेशी कृती मराठीत आणून लिहिलेला. तो फारसं कुणी वाचत नाही, आणि ज्या दोघी-तिघींनी करून पाहिलं त्यांचे मफिन मधोमध बसले. कृती सोबत जोडली आहे: दोन कप मैदा, एक कप ताक, दोन अंडी, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, एक चमचा सोडा. यजमान म्हणतात इंग्रजीत लिही, जाऊबाई म्हणतात कन्नडमध्ये लिही, पुण्याची बहीण म्हणते रील कर. सासूबाईंना ओटीजीत अंडं गेलेलं खपत नाही. चाळीस हजारांचा कॅमेरा घ्यावा, भाषा बदलावी, की हे सगळं बंदच करावं? (जाता जाता कंसात: कुकरमधल्या केळ्याच्या मफिनचा एक जुना लेख मात्र रोज निम्मे लोक उघडतात. करंट गेला होता तेव्हा घाईत लिहिलेला, फोटोही धड नाही, काढून टाकायचा विचार आहे.)

ताई,

तो कुकरचा लेख काढू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

तुमच्या पत्रात ब्लूबेरी, कॅमेरा आणि भाषा यांना चार पानं मिळाली आणि या लेखाला कंसातली एक ओळ. मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ कामाची वाटली. तुम्ही म्हणता वाचक वाढत नाहीत. रोज तीस माणसं न चुकता एकाच दारातून आत येताहेत, आणि ते दार तुम्हाला लाज वाटते म्हणून बुजवायला निघालात. कोण असतील ही माणसं? ज्यांच्याकडे ओव्हन नाही ती. भाड्याच्या खोलीत एका शेगडीवर सगळं करणारी. पोराच्या वाढदिवसाला घरीच काहीतरी करू म्हणणारी खानापूर-चंदगडकडची एखादी आई. आणि आपल्या शहरातलीही, कारण ओटीजी बाराशे-पंधराशे वॉट ओढतो, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही, आणि पाऊस लागला की करंटचा काय भरवसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

अंदाजावर राहू नका. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन फुकट मिळतं. ब्लॉगला जोडलं की लोक नेमके कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत पोचले ते दिसतं. मुलांपैकी कुणाला तरी बसवा, तासाभरात होईल. त्या यादीत ‘अंड्याशिवाय’, ‘ओव्हनशिवाय’, ‘गव्हाच्या पिठाचे’, ‘मफिन मध्ये का बसतात’ असले शब्द सापडले तर प्रत्येक शब्द म्हणजे एक न लिहिलेला लेख समजा. ‘ब्लूबेरी’ सापडला तर माझं म्हणणं खोडून काढा.

आता त्या ब्लूबेरीकडे येते. तुमच्या लिहिण्यात एक गृहीत धरलेलं आहे की खरा मफिन ब्लूबेरीचा, आणि केळं, फणस, जांभूळ ही आपली गरिबाघरची तडजोड. अमेरिकेत मफिनमध्ये ब्लूबेरी पडली कारण तिथं ती झुडपं रानात उगवतात, हाताशी फळ होतं ते त्यांनी घातलं. त्या न्यायानं आपण काय घालायला हवं? जांबोटी-कणकुंबीच्या रानात जे पिकतं ते. तुम्ही तीनशे रुपयांची डबी विकत घेऊन जी कृती लिहिलीत ती इंग्रजीत हजारो जणींनी लिहून ठेवली आहे, आणि मराठी वाचणारी बाई ती वाचून काय करणार? तिच्या बाजारात ते फळच नाही. गणपत गल्लीत टोपली घेऊन बसलेल्या मावशीकडून ती जांभळं घेऊन घरी येते, निम्मी पोरं खातात, उरलेली मऊ पडायला लागतात. त्या उरलेल्या जांभळांचं काय करायचं हे तिला कोण सांगतंय?

पण आधी तुमच्या जोडलेल्या कृतीचा हिशोब, कारण मैत्रिणींचे मफिन का बसले ते त्यातच आहे. परदेशी कृतीत जे ताक सांगतात ते विरजण लावून केलेलं, दाट, आंबट असतं, जवळजवळ आपल्या फेटलेल्या दह्यासारखं. आपलं ताक म्हणजे लोणी काढून उरलेलं किंवा दह्यात दुप्पट पाणी घालून घुसळलेलं. एक कप तसलं ताक घातलं की पीठ पातळ होतं, फळं तळाला जातात, बाजू आधी शिजतात आणि कच्चा राहिलेला मधला भाग फुगून कोसळतो. दुसरं, सोडा. एक कप दाट, आंबट ताकाला अर्धा लहान चमचा सोडा पुरतो, तुम्ही एक घातलाय. आंबटपणा संपल्यावर उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि मफिन भसकन फुगवून खाली बसवतो. तिसरं, कप. मोजायचा कप 240 मिलीचा. तुमच्या वाचकांच्या घरातला कप म्हणजे चहाचा कप, नाहीतर वाटी, आणि दोन घरच्या वाट्या कधी सारख्या नसतात. एक कप मैदा म्हणजे साधारण 120 ते 125 ग्रॅम. प्रत्येक कृतीत ग्रॅम लिहा. कॅमेऱ्याचे चाळीस हजार राहू देत, त्यातले चार-पाचशे काढून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. वाचकांचा विश्वास त्यानं जेवढा वाढेल तेवढा महागड्या फोटोनं वाढणार नाही. ज्या बाईचा मफिन पहिल्या खेपेला जमतो ती दुसरी कृती शोधायला तुमच्याकडेच येते, आणि जिचा बसतो ती चारचौघीत सांगते.

कालवण्याबद्दल तुमच्या कृतीत ‘चांगलं एकजीव करा’ असं आहे. इथं आपल्या सवयी आड येतात. बेसन असो की घावनाचं पीठ, गुठळी राहिली की आपल्याला चैन पडत नाही. मफिनचं पीठ मात्र जितकं फेटाल तितका मैद्यातला चिकटपणा वाढतो, मफिन चिवट होतो आणि कापल्यावर आत बोगदे दिसतात. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे, मग दोन्ही एकत्र करून कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. गुठळ्या राहू द्यायच्या. बहिणीला रील हवीच असेल तर हाच पाऊण मिनिटाचा भाग चित्रित करा. लिहून कितीही सांगितलं तरी कुठं थांबायचं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. बाकी कृती लेखातच असू दे. हातात पिठाचा चमचा घेऊन कुणी रील मागे-पुढे करत बसत नाही.

जांभळाचं मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण त्यात एक गंमत आहे जी तुमच्या लेखाला वाचक मिळवून देईल. जांभळाचा जांभळा रंग आंबटात लालसर राहतो आणि सोड्याच्या संगतीत निळा-हिरवा होतो. सोडा सैल हातानं पडला की मफिन कापल्यावर फळाभोवती शेवाळासारखी हिरवट कड दिसते. चवीला त्यानं फार बिघडत नाही, पण घरातलं कुणी तोंड लावत नाही, खराब झालंय म्हणतात. म्हणून जांभळाच्या मफिनमध्ये सोडा घालायचाच नाही, फक्त बेकिंग पावडर घालायची, आणि दही भरपूर ठेवायचं म्हणजे पिठात आंबटपणा उरतो. प्रमाण असं धरा: मैदा 150 ग्रॅम, साखर 90 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात घट्ट दही 120 ग्रॅम, दूध 60 मिली, तेल 60 मिली. बियांवरून सोडवलेला जांभळाचा गर 120 ग्रॅम, चाळणीवर ठेवून रस गाळून घेतलेला. त्या रसाचं सरबत करा. गर शेवटी घालून दोन-चार वेळाच हलवायचं, थोडा वरून पेरायला मागे ठेवायचा. आधी तापवलेल्या ओटीजीत 180 अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं, आणि पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. सात-आठ मफिन होतात. दुसरा एखादा मुद्दाम सोडा घालून हिरवा करा आणि दोन्ही मधोमध कापून शेजारी ठेवून फोटो काढा. तो फोटो कुठल्याही कॅमेऱ्यानं काढा, लोक थांबून बघतील.

फळ तळाला बसू नये म्हणून मैद्यात घोळवायचं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. थोडा उपयोग होतो. खरं काम दाट पीठ आणि बारीक फोडी करतात.

बाकीच्या फळांचं थोडक्यात सांगते, लेख तुम्हीच लिहा. फणस कापा असेल तर बारीक चिरून, बरका असेल तर गर चाळणीतून काढून. अननस आधी साखरेबरोबर कोरडा होईपर्यंत शिजवा, कारण कच्चा अननस दह्यात पडला की कडवट होतो. चिकूला आंबटपणा नसतो, तेव्हा दही नसेल तर नुसत्या सोड्यानं फुगणार नाही, पावडर हवी. करवंदांचा चीक धुऊन, बिया काढून, थोड्या साखरेत मुरवून घ्यायची, खटपट आहे पण मे महिन्यात ती घरात पडून असतात. जवारी, म्हणजे देशी, केळी काळी पडेपर्यंत थांबा. अथणी-विजयपूरकडचे बेदाणे वर्षभर मिळतात, त्यांचा एक लेख पावसाळ्यासाठी राखून ठेवा, कारण तेव्हा दुसरं धड फळ नसतं. कुंदा, आपली ती खव्याची मिठाई, घालून मफिन करायचा मोह होईल, बेळगावचं नाव गाजवायला म्हणून. मला विचाराल तर नको. गोडात गोड होतं आणि कुंद्याचं काहीच राहत नाही.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करा, कारण पुण्या-मुंबईच्या कृती तो करत नाहीत. जूनपासून मैदा आणि साखर दोन्ही ओलसर होतात, बेकिंग पावडरचा डबा एकदा नीट झाकला गेला नाही की दम जातो. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघायची, फसफसली नाही तर तो डबा टाकून द्यायचा. ही एक ओळ प्रत्येक पावसाळी लेखात टाकलीत तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

कुकरच्या लेखात भर घाला आणि तोच सगळ्यात वर ठेवा. रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा, मग मंद आचेवर पंचवीस ते पस्तीस मिनिटं. रोजचा कुकर वापरू नका असं ठळक लिहा, कोरड्या तापण्यानं भांडं खराब होतं. जुना कुकर किंवा जाड कढई आणि घट्ट झाकण. मफिनचा साचा नसेल त्यांनी स्टीलच्या छोट्या वाट्यांना तुपाचं बोट फिरवून मैदा भुरभुरावा, पाऊण भराव्या. पाच लिटरच्या कुकरात किती वाट्या बसतात, खालून करपला तर काय, वरून पांढरा राहिला तर काय, हे सगळं लिहा. वरून तो पांढराच राहतो, ओटीजीसारखा सोनेरी होत नाही, हेही आधीच सांगून टाका, म्हणजे कुणी स्वतःला दोष देणार नाही.

भाषेचं. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की घरातही आवाज चढतात, म्हणून मी यजमान आणि जाऊबाई दोघांचंही म्हणणं नीट ऐकून बोलते. यजमानांना वाटतं इंग्रजीत जग मोठं. मोठं आहे, पण मफिनच्या बाबतीत तिथं गर्दीही तेवढीच आहे, आणि तुमच्या लिहिण्यातली जी लज्जत मला पत्रात दिसली ती इंग्रजीत उतरेल का, हे तुम्हीच स्वतःला विचारा. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. तुम्हाला वाचक कमी पडताहेत ते भाषा लहान आहे म्हणून खासच नाही. जाऊबाईंची सूचना मला जास्त आवडली. तुम्ही कन्नड लिहायला शिकत बसू नका, त्यांनाच विचारा की या कृती आपल्या नावानं कन्नडमध्ये लिहाल का. शेजारणी-शेजारणी वाटीभर पदार्थ देताना भाषा कुठली ते बघत नाहीत. तोवर लेखाच्या पहिल्या दोन-तीन ओळींत फळाची तिन्ही नावं येऊ द्या, जांभूळ, नेरळे हण्णु, जामून, म्हणजे ज्याच्या तोंडात जे बसलंय त्यानं शोधलं तरी सापडेल. आणि लेखाचं नाव साधं ठेवा. ‘एक जांभळी दुपार’ असं कुणी शोधत नाही, ‘जांभळाचे बिनअंड्याचे मफिन’ असं शोधतात.

सासूबाईंच्या अंड्याकडे तुम्ही अडचण म्हणून बघता. आपल्या भागात लिंगायत, जैन, ब्राह्मण घरं किती, शिवाय वारकरी, शिवाय श्रावण पाळणारे. अंड्याशिवाय मफिन हमखास कसा जमवायचा हे ज्या बाईला रोजच्या नियमानं शिकावं लागलं तिच्याइतकं ते कोण सांगू शकेल? सासूबाईंना तो ओटीजी बाटल्यासारखा वाटतो, तर तुम्ही ब्लॉगच बिनअंड्याचा करून टाका. घरात शांतता, आणि वाचकाला न विचारता कळतं की इथलं काहीही निर्धास्त करता येईल. हा सल्ला प्रत्येक घराला लागू नाही, जिथं अंडं चालतं तिथं चालू दे. तुमच्या घरात तो दोन प्रश्न एकदम सोडवतो.

कॅमेरा घेऊ नका. निदान वर्षभर. फोन खिडकीपाशी न्या, सकाळी नऊ-दहाचा उजेड, बल्ब बंद, आणि मफिन अखंड दाखवण्याऐवजी कापलेला दाखवा. आतली जाळी दिसली पाहिजे, बाईला तेच बघायचं असतं.

लेख कधी चढवता याकडेही लक्ष द्या. जांभळाचा लेख जांभळं खाऊन संपल्यावर जुलैत आला तर पुढच्या वर्षापर्यंत त्याला कुणी वाली नाही. मेच्या सुरुवातीला तो वाचायला तयार असला पाहिजे, फणसाचा त्याआधी, मनुके-अंजिरांचे मफिन नाताळच्या महिनाभर आधी. महिन्यात दोनच लेख लिहा, पण फळ बाजारात यायच्या आधी. आणि चढवल्यावर कुठं पाठवता? घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवून ‘छान’ मिळतं, वाचक मिळत नाही. ज्या मैत्रिणींचे मफिन बसले त्या दोघी-तिघींना पाठवा, दुरुस्त कृती करून बघा म्हणा, त्यांच्या मफिनचा फोटो मागा आणि त्यांची परवानगी घेऊन लेखात लावा. माहेरच्या महिला मंडळात, भिशीत, पोरांच्या शाळेतल्या आयांमध्ये एकदा समोर बसून करून दाखवा. आपल्याकडे पाककृती अजूनही माणसाकडून माणसाकडेच जाते, लेख फक्त ती लक्षात ठेवायला लागतो.

यजमान विचारतात यातून मिळतं काय. या आकड्यावर जाहिरातींतून काही मिळायचं नाही, हे त्यांना सरळ सांगून टाका, आशेवर ठेवू नका. पैसेच हवे असतील तर नाताळाच्या आणि वाढदिवसांच्या ऑर्डरी घ्या, तो वेगळा धंदा आहे, त्याला अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी लागते आणि त्यात लिहायला वेळ उरत नाही. दोन्ही एकदम सुरू करू नका. तुम्हाला पत्रात जे हवंसं दिसलं ते पैशापेक्षा वेगळं आहे: कुणीतरी करून बघावं आणि जमलं म्हणून कळवावं. तसं असेल तर साठ हा आकडा मोजणं सोडा आणि महिन्यातून किती जणींनी ‘जमलं’ म्हणून लिहिलं ते वहीत टिपून ठेवा. सहा महिन्यांनी ती यादी रिकामी असेल तेव्हा बंद करायचं बोलू.

जुन्या लेखांतल्या दुरुस्त्यांपासून सुरुवात करा, नवं काही लिहायच्या आधी. ब्लूबेरीच्या कृतीत ताकाच्या जागी 200 ग्रॅम घट्ट दही आणि पन्नास मिली दूध, सोडा अर्धा लहान चमचा, जोडीला एक लहान चमचा बेकिंग पावडर, मैदा 250 ग्रॅम, आणि अंडी काढलीत तर दही आणखी 60 ग्रॅम. घरी एकदा करून खात्री करा. ब्लूबेरी नसेल त्यांनी सोडा वगळून, पावडर अडीच लहान चमचे करून जांभूळ घालावं असं खाली लिहा, आणि वर एक ओळ टाका की आधीच्या मापात चूक होती. हे या आठवड्यातच करा, कारण तो लेख अजून तसाच आहे आणि वाचून मैदा भिजवणारी एखादी तरी असेलच.